तात्यासाहेबांचा पंडित

पोपटानं माझं बोट धरलं ते सोडेचना. तात्यासाहेब झोपाळ्यावर बसून पान जमवत होते. पानाला चुना लावता लावता त्यांनी माझ्याकडं बघितलं आणि म्हणाले, "चावला का? मग आवडलात तुम्ही त्याला. परक्या माणसाला तो शिवतसुद्धा नाही."

"हो साहेब," मी म्हणाले.

बोटातून रक्त येत होतं, तरी मी हो साहेब म्हणाले. पंचवीस वर्षांची होते. बी. एस्सी. बी. एड. झालेली आणि कै. रंगराव खटकाळे विद्यालयात तीन वर्षं विज्ञान शिकवणारी. दर एप्रिलला माझ्या हातात सेवा संपल्याचं पत्र पडायचं आणि दर जूनला नव्या नेमणुकीचं. मधले दोन महिने मी कुणीच नसायची. तात्यासाहेब खटकाळे संस्थेचे अध्यक्ष होते. कै. रंगराव हे त्यांचे वडील. रंगराव स्वतः कधी शाळेत गेले नव्हते, पण शाळेच्या प्रत्येक वर्गात त्यांचा फोटो होता.

पोपटाच्या भानगडीत मी सापडले ती एका कोंबडीमुळं. शाळेच्या विज्ञान प्रदर्शनात मी आठवीच्या मुलींकडून एक प्रयोग करवून घेतला होता. दोरी ओढली की घंटी वाजते आणि घंटी वाजली की दाणे मिळतात, एवढं त्या कोंबडीला तीन आठवड्यांत कळलं होतं. ज्वालामुखी, पाणचक्की सगळं सोडून तात्यासाहेब त्या कोंबडीपुढं अर्धा तास उभे राहिले. दुसऱ्या दिवशी मुख्याध्यापक ऐनापुरे सरांनी मला बोलावून घेतलं.

"बाई, जानेवारीत तात्यासाहेबांची एकसष्टी आहे. शिक्षणाधिकारी स्वतः येणार आहेत. तात्यासाहेबांच्या घरी पोपट आहे, पंडित नावाचा. त्यानं कार्यक्रमात काहीतरी करून दाखवावं अशी त्यांची इच्छा आहे."

"सर, आठवीचा प्रकाशाचा धडा अजून व्हायचाय."

"प्रकाश कुठं जात नाही." सरांनी दाराकडं बघितलं आणि आवाज खाली आणला. "यंदा एक जागा मंजूर होणार आहे. कायम. तुम्ही आणि डोईफोडे, दोघांतून एक. डोईफोडे मानपत्र लिहितायत. तुम्ही काय करताय ते बघा."

"पण पोपट शिकवणं हे शाळेचं काम आहे का, सर?"

"तात्यासाहेबांच्या घरात जे आहे ते सगळं शाळेचंच आहे," ऐनापुरे सर म्हणाले. त्यांना यात काहीही गमतीचं वाटलं नाही.

त्यांनी मला दुपारचे चारही तास मोकळे करून दिले आणि माझी आठवी चित्रकलेच्या वर्गात नेऊन बसवली. वर अट अशी की मी पोपटाच्या रोजच्या पाठाचं टाचण काढून त्यांची सही घ्यायची, म्हणजे तपासणीत अडचण नको. उद्दिष्ट, शैक्षणिक साहित्य, पूर्वज्ञान असे रकाने होते. पूर्वज्ञानाच्या रकान्यात मी पहिल्या दिवशी लिहिलं, 'विद्यार्थ्यास चावता येते.' सरांनी न वाचता सही केली.

पंडितनं तीन गोष्टी करायच्या होत्या. दोरी ओढून घंटी वाजवायची. टेबलावरून चालत जाऊन पाहुण्यांना चोचीतून गुलाबाचं फूल द्यायचं. आणि शेवटी माइकवर म्हणायचं, 'तात्यासाहेब, शंभर वर्षं जगा.'

पहिले आठ दिवस काहीच जमलं नाही. मी शेंगदाणा दाखवायची, पंडित मान वाकडी करून बघायचा आणि डोळे मिटून घ्यायचा. दोरीला चोच लावणं दूरच. नवव्या दिवशी मला कारण कळलं. मी जरा लवकर पोचले, तर स्वयंपाकघराच्या दारात तात्यासाहेबांच्या पत्नी नर्मदावहिनी पिंजरा पुढ्यात घेऊन बसल्या होत्या आणि भाकरीचा दुधात कुस्करलेला काला पोपटाला भरवत होत्या.

"वहिनी, अहो, मी येण्याआधी त्याला खायला देऊ नका. भूक असली तरच तो शिकेल."

वहिनी दचकल्या. "उपाशी लेकराला कसं बघू बाई मी? दुपारचा एक वाजला की तो हाक मारतो."

"तास झाल्यावर द्या. मी अर्ध्या तासात सोडते त्याला."

"अर्धा तासच ना?" वहिनींनी पदरानं त्याची चोच पुसली. "बाळ्या, ऐकलंस का? अर्धा तास."

पंडित हे नाव तात्यासाहेबांचं. वहिनी त्याला बाळ्या म्हणायच्या आणि तो ओ द्यायचा ती त्याच नावाला. एका कंत्राटदारानं दिलेलं ते अंगावर पीसही न फुटलेलं पिल्लू वहिनींनी कापसाच्या वातीनं दूध पाजून वाढवलं होतं. त्यांना मूलबाळ नव्हतं. चौथीपर्यंत शिकल्या होत्या. माझ्याशी स्वयंपाकघरात भरभरून बोलायच्या, पण ओसरीवर तात्यासाहेब असले की त्यांचा आवाज मी कधी ऐकला नाही. चहाचा कपसुद्धा न वाजवता ठेवायच्या.

त्यानंतर भराभर जमत गेलं. दोन आठवड्यांत पंडित घंटी वाजवायला लागला. तात्यासाहेब रोज झोपाळ्यावर बसून बघायचे. एकदा पंडितनं सलग तीनदा दोरी ओढली आणि मी एकदाही दाणा दिला नाही, तेव्हा त्यांनी झोपाळा थांबवला.

"बाई, त्यानं काम केलं की. दाणा का नाही दिलात?"

"दर वेळी द्यायचा नसतो, साहेब. कधी द्यायचा, कधी नुसता दाखवायचा. हमखास मिळतो म्हटलं की तो मन लावत नाही. आणि पोट भरलं की शिकतच नाही."

तात्यासाहेब खूप वेळ हसले. "हे तुम्हाला कॉलेजात शिकवलं? कमाल आहे. आम्हाला कुणीच शिकवलं नव्हतं."

मला ते कौतुक वाटलं. घरी जाऊन मी आईला सांगितलंसुद्धा, की साहेब आज माझ्यावर खूश होते.

फुलाचंही जमलं. अडलं ते बोलण्यापाशी. 'तात्यासाहेब, शंभर वर्षं जगा' हे वाक्य मी रोज दीडशे वेळा म्हणायची. आठवीच्या मुली बंगल्यावरून जाताना ते ऐकून हसायच्या. पंडित ऐकायचा, पण म्हणायचा एकच वाक्य, आणि तेही वहिनींच्या हुबेहूब आवाजात, "पाणी आलं गं!"

गावाला तिसऱ्या दिवशी नळ यायचा आणि वेळेचा नेम नसायचा. बंगल्यात पहिली धार पडली की वहिनी परसातल्या भिंतीवरून शेजारणींना हाक द्यायच्या आणि ती हाक गल्लीगल्लीतून पुढं जायची. पंडितनं तेवढंच उचललं होतं. त्यामुळं दोनदा बायका रिकाम्याच कळश्या घेऊन धावल्या होत्या.

इकडं शिक्षकांच्या खोलीत डोईफोडे सर मानपत्राचा चौथा खर्डा लिहीत होते. चांगले शिक्षक होते. मुलांना कविता अशा शिकवायचे की शेजारच्या वर्गातली मुलंही गप्प होऊन ऐकायची. बायको, दोन मुलं, आणि माझ्यासारखंच एप्रिलचं पत्र. एक जागा असल्याचं कळल्यापासून आम्ही एकमेकांशी बेतानंच बोलत होतो.

"पोपट काय म्हणतो?" त्यांनी एके दिवशी विचारलं.

"पाणी आलं म्हणतो. मानपत्र काय म्हणतं?"

"तात्यासाहेब म्हणजे सूर्य, भास्कर, दिनकर, इथवर आलोय. पुढं सुचत नाही."

"मग आता मावळू द्या."

ते हसले नाहीत. कागद उचलून त्यांनी दुसऱ्या टेबलावर नेला.

एकसष्टीच्या दिवशी सकाळी दहा वाजता शाळेच्या मैदानावरचा मांडव भरून गेला. एका बाजूला पुरुष, दुसऱ्या बाजूला दोनशे-अडीचशे बायका. शिक्षणाधिकारी साहेब बारीक अंगाचे, चष्मा लावणारे, दमलेल्या चेहऱ्याचे गृहस्थ होते. चार भाषणं होईपर्यंत ते घड्याळाकडं बघत राहिले. मग पिंजरा टेबलावर आला आणि ते सावरून बसले.

मी पिंजऱ्याचं दार उघडलं. पंडित बाहेर आला, दोरी ओढली, घंटी वाजली. टाळ्या. मी गुलाब पुढं केला. त्यानं देठ चोचीत धरला आणि हार-नारळांच्या मधून वाट काढत डुलत डुलत तो शिक्षणाधिकाऱ्यांपुढं जाऊन उभा राहिला. साहेबांनी लहान मुलासारखा हात पुढं केला. मांडव उठून टाळ्या वाजवायला लागला. ऐनापुरे सरांनी माझ्याकडं बघून मान हलवली. जागा माझी झाली असा त्याचा अर्थ होता. मी डोईफोड्यांकडं बघायचं टाळलं.

तात्यासाहेबांनी स्वतः माइक खाली घेतला. "पंडित! बोल आता. काय सांगायचंय तुला गावाला?"

पंडितनं मान वळवली. पहिल्या रांगेत वहिनी बसल्या होत्या. त्याला त्या दिसल्या, त्यानं पंख झटकले आणि माइकमध्ये तोंड घालून वहिनींच्या खणखणीत आवाजात तो ओरडला, "पाणी आलं गं! पाणी आलं!"

चार कर्ण्यांतून ती हाक गावभर गेली. त्या दिवशी नळ येऊन चार दिवस होत आले होते. मग मागून एक बाई उठली, तिच्यापाठोपाठ दुसरी, आणि पाच मिनिटांत मांडवाची अर्धी बाजू मोकळी झाली. पोरं काखेला मारून, चपला हातात घेऊन बायका पळाल्या. स्वयंसेवक "अहो, पोपट आहे तो, पोपट!" म्हणून ओरडत मागं धावले. पण ऐकतंय कोण? डोईफोडे सरांनी सूर्य, भास्कर, दिनकर असलेलं मानपत्र वाचलं ते रिकाम्या सतरंज्यांपुढं.

मला वाटलं, संपलं आता. पण शिक्षणाधिकारी चष्मा काढून डोळे पुसत होते. इतकं हसताना त्यांना कुणी पाहिलं नसावं. ते हसतायत म्हटल्यावर तात्यासाहेबही हसले, आणि तात्यासाहेब हसले म्हटल्यावर सगळेच.

चहा मुख्याध्यापकांच्या खोलीत होता. शिक्षणाधिकारी, तात्यासाहेब, ऐनापुरे सर, कोपऱ्यात खुर्चीवर वहिनी, दाराशी डोईफोडे सर, आणि हातात पिंजरा घेऊन मी.

"असा पक्षी घरात असला की दिवसभराचा शीण जाईल हो," साहेब म्हणाले. ते सहज बोलले असावेत.

तात्यासाहेबांनी कप खाली ठेवला. "मग न्या ना साहेब. आजपासून तुमचा. वाघमोडेबाई, पिंजरा साहेबांच्या जीपमध्ये ठेवा. आणि महिन्यातनं दोनदा आमच्या या बाई येत जातील तुमच्याकडं, नवीन काही शिकवायला."

मी पिंजरा घेऊन वळलेसुद्धा होते. खरं सांगायचं तर माझे पाय आपोआपच वळले.

"नाही."

कोण बोललं ते पहिल्यांदा मला कळलंच नाही. वहिनी उभ्या होत्या. डोक्यावरचा पदर घसरला होता, तो त्यांनी सावरला नाही.

"तो माझा आहे," त्या म्हणाल्या. "मी नाही देणार."

त्या माझ्यापाशी आल्या, माझ्या हातातून पिंजरा घेतला आणि सगळ्यांच्या मधून चालत बाहेर गेल्या. त्यांच्या चपलांचा आवाज व्हरांड्याच्या टोकापर्यंत ऐकू येत राहिला.

"बायकांचा जीव अडकतो असल्या गोष्टीत," तात्यासाहेब हसून म्हणाले. त्यांच्या कपाळावर घाम आला होता.

"नाही नाही, त्यांचं बरोबर आहे," साहेब ओशाळले. "मी आपलं उगीच बोललो."

माझे हात रिकामे होते आणि ते कुठं ठेवावेत ते मला कळत नव्हतं. तेवढ्यात माझ्या तोंडून शब्द निघाले, "साहेब, आमच्या शाळेच्या जागेला मंजुरी कधी मिळणार?"

ऐनापुरे सरांचं बिस्कीट चहात पडलं.

"कुठली जागा?" साहेबांनी विचारलं.

"विज्ञान किंवा मराठी. एक जागा."

"एक कशी? दोन आहेत. विज्ञानाची एक, मराठीची एक. दीड वर्षापूर्वी, जूनमध्ये, मी स्वतः सही करून मंजुरी पाठवलीय." ते तात्यासाहेबांकडं वळले. "का हो? माणसं घेतली नाहीत अजून?"

"योग्य उमेदवार बघतोय, साहेब," तात्यासाहेब म्हणाले. आम्ही दोन्ही उमेदवार त्यांच्यापासून चार हातांवर उभे होतो.

जीप गेल्यावर मी मैदानात आले. मांडवाचे दोर सोडणं चाललं होतं. तात्यासाहेब एकटेच खुर्चीवर बसले होते. त्यांनी मला हातानं जवळ बोलावलं.

"रागावलात काय बाई?"

"दीड वर्ष दोन जागा होत्या, साहेब. आम्हाला तुम्ही एकीसाठी पळवलंत."

"होत्या की. आहेत अजून, कुठं जातायत?" त्यांनी गळ्यातला शेवटचा हार काढून मांडीवर ठेवला. "मागं एका मास्तरला मी कायम केला. दुसऱ्या दिवसापासनं त्याचा नमस्कार बंद. आणि पोट भरलं की शिकत नाही, हे तुम्हीच सांगितलंत मला. मी त्या दिवशी मनात म्हटलं, ही बाई आपल्यातलीच आहे."

हे ते रागानं बोलले नाहीत. अगदी आपुलकीनं बोलले. दीड महिना रोज दुपारी मी त्या पाखराला शेंगदाणा दाखवून परत मुठीत घेत होते आणि त्याची टाचणं काढत होते. मी घरी गेले आणि त्या दिवशी जेवले नाही.

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत मी डोईफोडे सरांपुढं कागद ठेवला. शिक्षणाधिकाऱ्यांच्या नावानं अर्ज होता. मंजूर जागांवर आम्हा दोघांची नेमणूक व्हावी, एवढंच त्यात लिहिलं होतं.

"मला दोन मुलं आहेत, बाई," ते म्हणाले.

"ठाऊक आहे. पण जागा दोन आहेत, सर. तुम्हाला माझी भीती नको आणि मला तुमची."

त्यांनी कागद पुढ्यात ओढून वाचला. मग त्यांनी लाल पेन काढलं. मला वाटलं, फाडतील किंवा परत देतील. त्यांनी एक ऱ्हस्व वेलांटी दीर्घ केली. मग खालच्या ओळीवर बोट ठेवलं.

"हे 'आपल्या कृपेने' कशाला लिहिलंत?"

"अर्जात लिहितात ना."

"मंजूर जागेला कृपा कशाला लागते?" त्यांनी ते दोन शब्द खोडले. अर्ज पुन्हा नीट उतरवून काढला आणि खाली माझ्याआधी स्वतः सही केली.

पुढचं सरळ झालं असं नाही. एप्रिलला पत्र आलं, ते दर वर्षी यायचंच. जूनला मात्र नेमणुकीचं पत्र दोघांनाही आलं नाही. आठ महिने आम्ही जिल्ह्याच्या ऑफिसच्या खेपा घालत होतो. मी शिकवण्या घेतल्या, डोईफोडे सरांनी छापखान्यात मुद्रितं तपासली. दर खेपेला शिक्षणाधिकारी साहेब आमची फाईल काढायचे, संस्थेला एक कडक पत्र पाठवायचे आणि जाताना पोपटाची चौकशी करायचे. फेब्रुवारीत अखेर आदेश निघाले. तात्यासाहेबांनी ते आदेश आम्हाला मोठा समारंभ करून, हार घालून दिले. पेपरात फोटो आला. 'दोन गुणी शिक्षकांना न्याय, तात्यासाहेबांचा पुढाकार' असा मथळा होता. त्या समारंभासाठी त्यांनी डोईफोडे सरांना मानपत्र लिहायला सांगितलं होतं. "शब्द संपले," असा निरोप सरांनी पाठवला.

मी त्या शाळेत एकतीस वर्षं शिकवलं. वहिनी मधूनमधून भेटायच्या, पण त्या दिवसाबद्दल आम्ही कधी बोललो नाही. तात्यासाहेब गेल्यावर मी भेटायला गेले, तेव्हा स्वयंपाकघरात आम्ही दोघीच होतो. मी विचारलं, "वहिनी, त्या दिवशी साहेबांसमोर तुम्ही नाही म्हणालात. एवढं धैर्य कुठून आणलंत?"

"कसलं धैर्य?" वहिनी म्हणाल्या. "पाहुण्यांपुढं 'या साहेब, आमचं भाग्य' एवढंच म्हणायचं, असं ह्यांनी माझ्याकडनं आठ दिवस घोकून घेतलं होतं. रोज सकाळी म्हणून दाखवायचं. खुर्चीवर बसल्यापासनं तेच तोंडात घोळत होतं. उठले तीसुद्धा तेच म्हणायला. अन् निघालं भलतंच."

"मग?"

"मग काय. घरी आले. हे यायच्या आत दार लावून घेतलं आणि परत एकदा 'नाही' म्हणून बघितलं. मोठ्यानं. आपल्याला खरंच येतंय का बघावं म्हटलं."

"आलं?"

"पहिल्यांदा बारीक आलं," वहिनी म्हणाल्या. "तिसऱ्यांदा बरं आलं."